विसाव्या शतकाच्या अखेरीचा सिनेमा आणि समलिंगी-तृतीयपंथी माणसं: सांगलीतून बघताना

साधारण १९७० ते २००० या काळात हिंदी-मराठी आणि बाहेरच्या सिनेमात गे, लेस्बियन, बायसेक्शुअल आणि ट्रान्सजेंडर माणसं कशी दाखवली त्याची ही नोंद, आणि ती सांगली-मिरजेच्या बाजूनं लिहिलीय कारण इथल्या प्रेक्षकाला लुगडं नेसलेला पुरुष काही नवीन नव्हता. बालगंधर्व मूळचे नागठाण्याचे, त्यांच्या शालू नेसण्याची, दागिन्यांची नक्कल चांगल्या घरातल्या बायका करायच्या. तमाशात नाच्या होताच, काळू-बाळूंचं कवलापूर सांगलीच्या जवळच. आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला इकडून गाड्या भरून जायच्या, त्यात देवीला सोडलेले, लुगडं नेसणारे आणि डोक्यावर देवीचा जग (मुखवटा बसवलेली टोपली) घेतलेले जोगते असायचे, लोक त्यांच्या पाया पडायचे. एवढं सगळं बघण्यातलं असून पडद्यावर तोच माणूस आला की थेटरात शिट्ट्या आणि हशा, असं का?

मला वाटतं, रंगमंचानं आणि देवानं या माणसाला एक काम नेमून दिलेलं होतं, त्याचं मन कुणावर जडतं हे विचारायची वेळ कुणावर आली नाही. सिनेमाचं तसं नाही, तो सगळा प्रेमावर आणि घरसंसारावरच चालतो, मग हा माणूस आला की त्याच्या प्रेमाचं काय करायचं हा प्रश्न येणारच, आणि बहुतेकांनी तो हसण्यावारी नेला नाहीतर त्या माणसाला खलनायक करून टाकलं.

मराठीत याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे कोल्हापूरचे गणपत पाटील. तमाशापटांतला नाच्या म्हणजे तेच, कमरेवर हात, मान वेळावून 'आत्ता गं बया' म्हटलं की थेटर डोक्यावर. बायकामुलं असलेला संसारी माणूस, पण तो शिक्का त्यांच्या खऱ्या आयुष्यावर बसला आणि घरच्यांनाही त्याचा त्रास झाला. नुसत्या अभिनयानं नटाची ही गत होत असेल तर गावात खरोखर तसा असलेल्या पोराचं काय होत असेल, याचा विचार हसणाऱ्यांनी केला नाही, याचं वाईट वाटतं. हिंदीत 'सडक' (१९९१) मधली महाराणी घ्या, सदाशिव अमरापूरकरांनी कुंटणखाना चालवणारी ही तृतीयपंथी अशी काही उभी केली की फिल्मफेअरनं खलनायकासाठीचं पारितोषिक पहिल्यांदा दिलं ते त्यांनाच. काम जबरदस्तच आहे, पण ज्या प्रेक्षकानं दुसरी तृतीयपंथी व्यक्तिरेखा बघितलीच नव्हती त्याच्या डोक्यात महाराणीच बसली.

'उंबरठा' (१९८२) वेगळा. जब्बार पटेलांचा सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची, शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरून, स्मिता पाटील महिलाश्रमाची अधीक्षक. त्या आश्रमात दोन बायकांचं एकमेकींशी नातं आहे आणि ते उघड झाल्यावर गदारोळ होतो. सिनेमातली गाणी घराघरात पाठ झाली, पण त्या दोघींबद्दल बोलताना मी फारसं कुणाला ऐकलं नाही. त्याच्या आदल्याच वर्षी तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आलं होतं, त्यात तर बाईवर प्रेम करणारी बाई थेट मध्यभागी, आणि ती भूमिका रोहिणी हट्टंगडींची. म्हणजे मराठीत हे धाडस हिंदीच्या आधी झालेलं आहे, ते पुढं नेलं नाही एवढंच.

मग 'फायर'. दीपा मेहतांचा १९९६ चा सिनेमा, भारतात लागला नोव्हेंबर १९९८ ला. दिल्लीतलं एकत्र कुटुंब, खाली खाण्याचं आणि व्हिडिओ कॅसेटचं दुकान, वर दोन जावा, शबाना आझमी आणि नंदिता दास, दोघींचेही नवरे असून नसल्यासारखे. दिवसभर स्वयंपाक, सासूचं आजारपण, आणि त्यातच दोघी एकमेकींच्या होतात, म्हणूनच तो अंगावर आला, कारण ते घर आपल्यासारखंच होतं. सेन्सॉरनं सीताचं नाव नीता करायला लावून पास केला होता, तरी डिसेंबरात मुंबई-दिल्लीत शिवसैनिकांनी थेटरं फोडली. सिनेमा परत सेन्सॉरकडे गेला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये काही न कापता सुटला. त्या वादात दिल्लीला बायका 'आम्ही भारतीय आणि लेस्बियन' असे फलक घेऊन रस्त्यावर आल्या, हे माझ्या मते सिनेमाइतकंच महत्त्वाचं.

याच दशकात अमोल पालेकरांचा 'दायरा' आला, त्यात बाईच्या वेषात राहणाऱ्या नर्तकाच्या भूमिकेसाठी निर्मल पांडेला फ्रान्समधल्या एका महोत्सवात अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. 'तमन्ना' (१९९७) मध्ये परेश रावलचा तृतीयपंथी टिकू टाकून दिलेली पोर वाढवतो, इथं निदान त्याला आईपण दिलंय. पुरुषा-पुरुषातल्या प्रेमावर मात्र रियाद वाडियाची 'बॉमगे' ही छोटी फिल्म (१९९६) सोडली तर फार थोडं.

बाहेर 'फिलाडेल्फिया' (१९९३) मध्ये एड्स झालेल्या गे वकिलाच्या कामाला टॉम हँक्सला ऑस्कर, 'बॉईज डोन्ट क्राय' (१९९९) मधल्या ट्रान्स तरुणाच्या कामाला हिलरी स्वँकला. दोन्हीकडं ते पात्र शेवटी मरतंच.

आपल्याकडं हे सगळं चालू असताना समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागू होतं, ते समलिंगी संबंधांपुरतं सुटलं ६ सप्टेंबर २०१८ ला. सांगलीत १९९२ पासून संग्राम संस्थेचं एचआयव्हीवर काम सुरू झालं, आणि त्यातूनच पुढं देहविक्री करणाऱ्या पुरुष आणि तृतीयपंथी माणसांची 'मुस्कान' ही संघटना उभी राहिली.