एसडी की एसई? शेवेच्या पुड्या तोलून बघा

सरासरी, मध्यक, बहुलक यांवर वेळ घालवत नाही, ते शाळेतच झालंय. एसडी, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, हीही बहुतेकांना येते: आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत, ते. गोंधळ होतो तो एसई, म्हणजे स्टँडर्ड एरर, शेजारी येऊन बसली की. इंदूरच्या मुलांचे प्रोजेक्ट रिपोर्ट बघतो, तर पानोपानी ‘२०१ ± ०.८’ असलं काहीतरी असतं, आणि ± च्या पुढे नेमकं काय आहे हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

समजा, एखाद्या नमकीनवाल्याकडच्या २०० ग्रॅमच्या शेवेच्या २५ पुड्या उचलून काट्यावर ठेवल्या. एक भरली १९६, दुसरी २०७. सरासरी आली २०१, एसडी ४ ग्रॅम. हे ४ ग्रॅम पुड्यांचे आहेत: भरणाऱ्याचा हात, तळाशी गेलेला चुरा, काटा स्थिर होण्याआधीच पुडी काढून घेण्याची घाई. आता २५ ऐवजी ४०० तोला. हात तोच, शेव तीच, मग एसडी चाराच्या आसपासच राहणार. ‘सँपल वाढवल्यामुळे एसडी कमी झाली’ हे वाक्य वाचलं की माझं डोकंच फिरतं. पुड्या जास्त मोजल्या म्हणून भरणाऱ्याचा हात सुधारत नाही हो!

एसईचा प्रश्नच निराळा. उद्या दुसऱ्या २५ पुड्या घेतल्या तर सरासरी बरोबर २०१ येणार नाही. २००.४ येईल, २०१.७ येईल. ही सरासरी किती डगमगते, ते एसई सांगते. एसडीला नगांच्या वर्गमूळाने भागा: ४ भागिले ५, ०.८ ग्रॅम. ४०० पुड्या असतील तर ४ भागिले २०, म्हणजे ०.२. कमी होते ती ही. तीसुद्धा फुकट नाही, निम्मी करायची तर चौपट पुड्या तोला.

मग ०.८ दुप्पट करून ‘९५ टक्के पुड्या १९९.४ ते २०२.६ मध्ये आहेत’ असं लिहिलं जातं. साफ चूक. त्या पट्ट्यात असायची शक्यता आहे ती सगळ्या मालाच्या खऱ्या सरासरीची. पुड्या, वजनांचा आलेख घंटेसारखा असेल तर, साधारण १९३ ते २०९ मध्ये पसरलेल्या असतील.

नापतौलवाल्यांना, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याला, दोन्ही प्रश्न पडतात. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे तपासलेल्या पुड्यांची सरासरी छापील वजनाहून कमी नको, शिवाय २०० ग्रॅमच्या एका पुडीत ९ ग्रॅमपर्यंतचीच तूट चालते. पहिल्या अटीवर किती विसंबायचं ते एसई सांगेल. दुसरीला ती काही कामाची नाही. १९१ च्या खाली हजारात सहाएक पुड्या जातील, हा हिशेब एसडीवरूनच निघतो.

एसडी काढताना n ने, म्हणजे नगांच्या संख्येने, भागायचं की n–१ ने, यावर मात्र तावातावाने भांडतात. २५ नगांवर तो फरक दोन टक्क्यांचा. n–१ घ्या आणि पुढे चला. ‘एवढ्या मोठ्या शहराला एवढंसं सँपल?’ हीही सर्व्हेवरची नेहमीची हरकत. एसईच्या सूत्रात शहराची लोकसंख्या येतच नाही. सँपल हा लोकसंख्येचा बऱ्यापैकी मोठा हिस्सा असेल तेव्हाच ती बघावी लागते.

मात्र हे सगळं पुड्या कुठूनही, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचलल्या असतील तरच. एकाच कारागिराच्या एकाच पाळीतल्या घेतल्या तर ०.८ ला अर्थ नाही. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांहून जास्त मतपत्रिका गोळा करून लँडन जिंकणार म्हणून छापलं. एसई नगण्य, आणि निवडून आले रूझवेल्ट.

घोळाचं एक मूळ एक्सेलमध्येही आहे. त्यातल्या डेटा अ‍ॅनॅलिसिसच्या वर्णनात्मक तक्त्यात सरासरीच्या लगेच खाली स्टँडर्ड एरर येते. स्टँडर्ड डेव्हिएशन मध्यक आणि बहुलकाच्याही खाली, पाचव्या ओळीत. पोरं सरासरीखालचा आकडा उचलतात, तो लहान आणि देखणाही असतो. तक्त्यात एसडी आणि n द्या, वाचणारा एसई स्वतः काढेल. आलेखावर सरासरीच्या वर-खाली दांड्या (एरर बार) काढल्या तर त्या कशाच्या आहेत ते खाली लिहा. न लिहिलेल्या दांड्यांचे मी तरी गुण देत नाही.