सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालणारच, असं नाहीये

"सॉकेट सेम आहे ना, मग बिनधास्त घे" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यापायी लोकांचे पैसे जातात, म्हणून लिहितोय. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर जिथे बसतो ती जागा, ते जुळलं म्हणजे प्रोसेसर बोर्डात बसेल, एवढंच. एलजीए ११५१ हे सॉकेट बघा, सहाव्या-सातव्या जनरेशनच्या इंटेललाही तेच आणि आठव्या-नवव्यालाही तेच, पण २०१७ ला आठवी जनरेशन आली तेव्हा ३०० सिरीजचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य कंट्रोल चिप) लागायला लागला, जुन्या बी२५० चिपसेटच्या बोर्डावर आठव्या जनरेशनचा आय५ ८४०० बसतो अगदी व्यवस्थित पण सुरू होत नाही.

एएमडीच्या एएम४ सॉकेटला अडचण बायोसची, म्हणजे बोर्डातच साठवलेल्या, कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरची. माझ्या भाच्याने सेकंडहँड बी४५० बोर्डावर रायझन ५ ५६०० लावला, पंखे फिरतायत, स्क्रीन काळीच, पोरगं रडकुंडीला आलं की प्रोसेसर डेड आहे. बायोस २०१९ चा होता, या प्रोसेसरपेक्षा जुना! नशिबाने बोर्डाला मागे फ्लॅशबॅकचं (प्रोसेसर चालत नसतानाही बायोस अपडेट करायचं) बटण होतं, पेनड्राइव्हवर नवीन बायोस टाकून अपडेट केला आणि लगेच डिस्प्ले आला.

त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ऑनलाइन मागवा, आधी बोर्ड कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडा, आपला प्रोसेसर शोधा आणि त्याच्यासमोर कुठलं बायोस व्हर्जन लिहिलंय ते बघा. आणि हो, इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचा बोर्ड घेताना रॅमही बघा, बी७६० चिपसेटचे बोर्ड डीडीआर४ रॅमचेही मिळतात, डीडीआर५ चेही, आणि एकाची स्टिक दुसऱ्यात बसतच नाही कारण खाच वेगळ्या जागी असते.