वॉशिंग्टन-लेसी पत्रव्यवहार : पार्श्वभूमी

पेनसिल्व्हेनिया वसवला क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, आणि शस्त्र न धरणं हा त्यांच्या धर्माचाच भाग. त्यामुळे मिलिशियाची, म्हणजे सामान्य नागरिकांच्या फौजेत चाकरीची, सक्ती इथे आली ती थेट मार्च १७७७ मध्ये, ब्रिटिशांविरुद्धचं अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात असताना. पुरुषांचे आठ वर्ग पाडायचे आणि एकेका वर्गाने दोन महिने चाकरी करायची. माणूस जरा तयार होतो न होतो, तोच त्याची मुदत भरायची.

त्या हिवाळ्यात फिलाडेल्फिया ब्रिटिशांच्या ताब्यात होतं आणि अमेरिकन सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनची फौज व्हॅली फोर्जच्या छावणीत अर्धपोटी होती. शहरात शेतमालाला रोख सोनं-चांदी मिळे, इकडे रोज घसरणाऱ्या कागदी नोटा. गाड्या कुठे वळणार ते उघडच होतं. डेलावेअर आणि स्कूलकिल नद्यांमधले रस्ते अडवायचं काम जानेवारी १७७८ मध्ये जॉन लेसीच्या गळ्यात पडलं. वय अवघं बावीस, नुकताच ब्रिगेडियर जनरल झालेला, जन्माने क्वेकर. हवी होती हजार माणसं. मध्यंतरी हाताशी शंभरही नव्हती. सरसेनापतीच्या पत्रांत रस्ते बंद करण्याचा तगादा, लेसीच्या उत्तरांत माणसं नसल्याचं रडगाणं. रडगाणं खरं होतं.

वाद आहे तो मार्चमधल्या आदेशाचा. क्वेकर मंडळी सभेसाठी शहरात निघाली होती. अशा सभांत ठरणारे बेत घातक असतात, असं वॉशिंग्टनने लेसीला कळवलं. त्यांना वाटेत गाठा, आणि घोडे ओढकामाच्या किंवा घोडदळाच्या उपयोगाचे असतील तर काढून घेऊन पाठवा. गोळी घालण्याचा उल्लेख त्यात नाही. लेसीने आपल्या तुकड्यांना दिलेला हुकूम मात्र असा : हटकल्यावर थांबले नाहीत तर गोळ्या घाला आणि प्रेतं रस्त्यातच पडू द्या.

एवढ्यावरून लेसीला क्रूर ठरवणं सोपं आहे. पण मूठभर माणसांनी मैलोन्‌मैल रस्ते बंद करायचे, तर दहशतीशिवाय त्याच्याकडे दुसरं होतं काय? मागणी वरून आली, साधनं आली नाहीत. अर्थात हुकूम त्याचाच, तो वॉशिंग्टनच्या खात्यावर टाकता येत नाही. पुढे त्याने दोन नद्यांमधली वस्तीच हलवण्याचं सुचवलं, तेव्हा अख्खा मुलूख ओसाड करणं भयंकर ठरेल म्हणून वॉशिंग्टनने नकार दिला.

१ मे रोजी पहाटे क्रुकेड बिलेट इथे ब्रिटिशांनी लेसीच्या तळाला दोन बाजूंनी घेरलं. गस्तीच्या अधिकाऱ्याने कुचराई केल्याने वेळेत इशारा मिळालाच नव्हता. छापा कसाबसा फोडून लेसी निसटला, पण त्याची २६ माणसं पडली. जखमींना पेंढ्यात जाळल्याचा आरोप नंतर झाला. महिना संपण्याआधीच त्याच्या जागी दुसरा अधिकारी आला.

वॉशिंग्टनची बरीचशी पत्रं मदतनिसांच्या अक्षरात आहेत, खाली सही त्याची. १७८१ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या परवानगीने या दप्तराच्या व्यवस्थित नकला करून घेणं सुरू झालं. युद्धातली ही पत्रं आज ऑनलाइनही वाचता येतात. ती वाचताना लेसीने खालच्या तुकड्यांना काय लिहिलं तेही शेजारी ठेवावं लागतं. नुसत्या वरच्या पत्रांवरून मार्च महिना फारच सभ्य दिसतो.