पाटे की शॉकअप : पिकअप बसते कशाने आणि उसळते कशाने

कणकवलीपासून सावंतवाडीपर्यंत हायवेच्या कडेला जी गॅरेजं आहेत, तिथे पिकअपच्या सस्पेन्शनची तक्रार दोन तऱ्हेने येते. एक म्हणतो, "माल भरला की गाडी मागे बसते." दुसरा म्हणतो, "गाडी उसळते, पोटातलं पाणी हलतं." दोघांनाही बहुतेक वेळा एकच औषध मिळतं : "एक पाटो घाल, काम झाला." पहिल्याचं काम थोडंफार होतं. दुसऱ्याची गाडी मात्र आधीपेक्षा जास्त उसळायला लागते. मग तो महागडे शॉकअप घेतो, तेही कडक लागले की टायरची हवा कमी करतो, आणि टायर दोन्ही कडांनी झिजून जातात.

पाटे म्हणजे ॲक्सलवर एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या (लीफ स्प्रिंग, तिची एकेक पट्टी म्हणजे पान), आणि शॉकअप म्हणजे उसळी आवरणारी तेलाची नळी (शॉक ॲब्सॉर्बर). गाडी बसणं हे पाट्याचं दुखणं आहे आणि खड्ड्यानंतर उसळत राहणं हे शॉकअपचं. एवढं पक्कं डोक्यात असलं तर निम्मे पैसे वाचतात.

घोटाळा होतो त्याला बाइक जबाबदार आहे. मोटरसायकलच्या मागच्या चाकाला स्प्रिंग आणि शॉकअप एकातच असतात, स्प्रिंग बाहेरून गुंडाळलेली आणि तेलाची नळी आत. तिथे शॉकअप बदलला की वजन पेलणारी स्प्रिंगही आपोआप बदलते, म्हणून मागे बसलेली बाइक नव्या शॉकअपने उठते. पिकअपच्या मागच्या बाजूला ही दोन कामं दोन वेगळ्या ठिकाणी चालतात. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्सला पुढे कॉइल स्प्रिंग असली तरी हौद्याखाली पाटेच आहेत. त्यामुळे पिकअपला मागे कितीही भारी शॉकअप लावा, भरलेली गाडी जेवढी बसायची तेवढी बसणारच. गॅस भरलेला शॉकअप दांडा थोडासा बाहेर ढकलतो हे खरं, पण आंब्याच्या पेट्यांच्या वजनापुढे तो जोर किरकोळ.

आधी पाटा. पाटा वजनाखाली वाकतो आणि जेवढं वजन तेवढाच वाकतो. हिशोबासाठी धरू की मागचे दोन्ही पाट्यांचे संच मिळून दर १०० किलोला १ सेंटिमीटर दबतात. रिकाम्या गाडीचं ४०० किलो वजन मागे पडत असेल तर पाटे ४ सेंटिमीटर दबलेले. हौद्यात आणखी ८०० किलो चढवले की १२ सेंटिमीटर. आता एक पाटा वाढवून संच २० टक्क्यांनी कडक केला, तर त्या ८०० किलोंना गाडी ८ ऐवजी साधारण पावणेसात सेंटिमीटर बसेल. फायदा झाला सव्वा सेंटिमीटरचा. पाटा घातल्यावर गाडी "चांगली वर आली" असं जे दिसतं, ते बरंचसं नव्या पाट्याच्या ताज्या कमानीमुळे. तीच कमान जुन्या संचात परत आणली, म्हणजे पाटे उतरवून कमान भरून घेतली किंवा कंपनीच्या मापाचा नवा संच टाकला, तर ज्यादा कडकपणा विकत न घेता गाडी उठते. कमान भरलेले पाटे नव्याइतके टिकत नाहीत, हे पाटेवाला स्वतःहून सांगणार नाही.

शॉकअप वजन धरत नाही. ओटीवरच्या झोपाळ्याला एकदा झोका दिला की तो बराच वेळ हलत राहतो, कुणीतरी पाय टेकवावा लागतो. पाट्याच्या हालचालीला असा पाय टेकवणं हे शॉकअपचं काम. आत तेल असतं, पिस्टन असतो, पिस्टनला बारीक भोकं आणि झडपा असतात. चाक वर-खाली झालं की तेल त्या भोकांतून जबरदस्तीने जातं, आणि उसळीतली ताकद उष्णतेत बदलून हवेत निघून जाते. खराब रस्त्यावरून बराच वेळ गाडी चालवल्यावर शॉकअपच्या नळीला हात लावून बघा, गरम लागेल. थंडच लागला तर तो बहुधा कामच करत नाहीये. हात मात्र जपून लावा, चालता शॉकअप चटका देण्याइतका तापू शकतो.

आता मघाचाच हिशोब पुढे नेऊ. ४ सेंटिमीटर दबलेल्या पाट्यावर गाडी सेकंदाला साधारण अडीच वेळा वर-खाली होते. १२ सेंटिमीटर दबलेल्या पाट्यावर जेमतेम दीड वेळा. म्हणून भरलेली पिकअप मऊ चालते आणि रिकामी दणके देते, यात बिघाड काही नाही. पाटा वाढवला की रिकाम्या गाडीची ही धडधड आणखी वाढते, आणि जुना शॉकअप तर मूळच्या पाट्याच्या मानाने जुळवलेला असतो. पाट्याचा जोर वाढला, त्याला आवरणारा तेवढाच राहिला किंवा तोही थकलेला. गाडी उसळू लागते ती इथून. वजन पेलायचा प्रश्नच नसताना पाटा घालणं म्हणजे मग नुसता दणका विकत घेणं.

कोकणात याचा फटका मालाला बसतो. मार्च ते मे हापूसच्या दिवसांत गाडी बागेतून निघते तेव्हा अर्धीच भरलेली असते, वाटेत दोन-चार ठिकाणी पेट्या उचलत जाते. अर्ध्या भरलेल्या गाडीत कडक पाट्यांवर पेट्या नाचतात, आणि वाशीच्या बाजारात पेटी उघडल्यावर ज्या फळांना मार लागलेला दिसतो, तो सगळा हमालाने आपटल्याने लागलेला नसतो.

तर मग कडक शॉकअप घालावा का? इथेही जपून. शॉकअपची दोन कामं असतात, दबताना रोखणं आणि पाटा परत उघडताना रोखणं. उघडतानाचा रोध बहुतेक शॉकअपमध्ये जास्त ठेवलेला असतो. तो प्रमाणाबाहेर वाढला की पावसाळ्यातल्या सलग खड्ड्यांत एक विचित्र गोष्ट घडते. पहिल्या खड्ड्याने दबलेला पाटा पूर्ण उघडायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा. गाडी पायरी-पायरीने खाली बसत जाते आणि शेवटी ॲक्सल थेट रबरी स्टॉपरवर आदळतो. ड्रायव्हरला वाटतं पाटे मऊ पडले. खरं तर शॉकअप पाट्याला उघडायला वेळच देत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलुखात सलग खड्ड्यांचा रस्ता हा अपवाद म्हणता येत नाही, त्यामुळे "सगळ्यात कडक द्या" म्हणून शॉकअप मागू नयेत.

घाटात दोघांतला फरक अंगाला जाणवतो. करूळ किंवा फोंडा घाटाच्या एखाद्या लांबलचक वळणात गाडी एका बाजूला कलून तशीच राहते. ती किती कलणार हे पाटे ठरवतात. नवा शॉकअप तिला सावकाश कलवेल, कमी नाही. उलट लगोलग डावं-उजवं वळण आलं आणि हौद्यात गवताचे भारे किंवा उंच रचलेल्या पेट्या असल्या, तर गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला किती झटक्याने पडते, हे शॉकअपवर आहे. वळणात गाडी बराच वेळ कललेली राहण्याची भीती वाटत असेल तर पाटे आणि त्यांचे बुश (टोकांतल्या रबरी नळ्या) बघा, बाजू बदलताना पोटात गोळा येत असेल तर शॉकअप. आणि दोन्ही वेळी आधी माल किती उंच रचलाय ते बघा.

पाटा वाढवण्यातला मला सगळ्यात काळजीचा वाटणारा भाग ब्रेकचा आहे, आणि त्याबद्दल गॅरेजात फार कमी बोललं जातं. बऱ्याच पिकअपच्या मागच्या ब्रेकला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. एक दांडी किंवा स्प्रिंग चेसिसला आणि ॲक्सलला जोडलेली असते. गाडी मागे बसली की व्हॉल्व्हला कळतं, माल आहे, मागच्या ब्रेकला जास्त दाब द्या. गाडी उंच असली की तो समजतो, रिकामी आहे, दाब कमी करा, नाहीतर मागची चाकं लॉक होतील. पाटा घालून गाडी वर उचलली की भरलेली गाडीही त्याला अर्धी रिकामी वाटते. मग गगनबावड्याहून भरलेल्या गाडीने घाट उतरताना मागचे ब्रेक आपला वाटा उचलत नाहीत आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर जातो. पाटा घातलात तर त्या दांडीचं माप कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे पुन्हा बसवून घ्या. मेकॅनिकला हा व्हॉल्व्हच माहीत नसेल तर त्याच्याकडे पाटे घालू नका. नुसते शॉकअप बदलल्याने गाडीची उंची हलत नाही, त्यामुळे ही भानगड तिथे येत नाही.

पिकअप मासळीला लावलेली असेल तर समुद्राचं खारं पाणी दोघांनाही खातं, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. क्रेटमधल्या बर्फाचं खारट पाणी हौद्यातून ठिबकत पाट्यांवर पडतं आणि पानांच्या मध्ये शिरतं. पाटे एकमेकांवर घासतात तेव्हा ते घर्षणही थोडं शॉकअपचंच काम करत असतं. गंजाने ते घर्षण इतकं वाढतं की पाटे सुटे सरकतच नाहीत, सगळा संच एका जाड पट्टीसारखा वागतो. मग गाडी बसलेलीही असते आणि कडकही लागते. गंजाने पडलेल्या बारीक खळग्यांतूनच पुढे तडा जातो, बहुतेकदा सेंटर बोल्टच्या, म्हणजे सगळी पानं मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या, भोकाजवळ. शॉकअपचा शत्रू म्हणजे दांड्यावरचा गंज. चकचकीत दांड्यावर एक जरी खडबडीत ठिपका पडला तरी तो वर-खाली होताना तेलाचं सील कापत राहतो, आणि काही दिवसांत नळी तेलकट दिसू लागते. जेटीवरून आल्यावर गोड्या पाण्याचा पाइप गाडीखाली मारणं हा दोघांवरचा सर्वांत स्वस्त उपाय. पाट्यांना ग्रीस चोपडायची जुनी सवय मला पटत नाही, त्यात वाळू बसते आणि तीच घासत राहते.

निदान घरच्या खळ्यात करता येतं. सपाट जागी गाडी रिकामी उभी करा, टायरची हवा दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे आहे ना ते बघा, आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. नेहमीचा माल भरून पुन्हा मोजा. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल, किंवा नियमातल्या वजनालाच ॲक्सल स्टॉपरला टेकत असेल, तर पाटे. कारसारखी पिकअप हाताने दाबून उसळवायची परीक्षा इथे फारशी उपयोगी नाही, पाटे एवढे ताठ असतात की माणसाच्या जोराने काही कळत नाही. त्यापेक्षा शॉकअपचं खालचं टोक सोडवून हाताने आत-बाहेर करा. सगळ्या प्रवासात सारखा रोध लागला पाहिजे, बाहेर ओढताना जास्त. मध्येच कुठे सैल लागला तर तो संपला. टायरवर ठरावीक अंतराने वाटीसारखे खळगे पडत असतील तर त्यामागेही बऱ्याचदा शॉकअपच असतो.

रोज चालणाऱ्या, जाताना भरलेल्या आणि येताना रिकाम्या गाडीसाठी माझा क्रम ठरलेला आहे. आधी पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बुश, मग चांगले शॉकअप, मग कंपनीच्याच मापाचा पाटा संच, आणि हेल्पर (मदतीचा ज्यादा) पाटा अगदी शेवटी, तोही असा की जो फक्त भरल्यावर टेकतो. व्ही-क्रॉस आणि हायलक्ससाठी बाहेरच्या देशांतली किट मिळतात, त्यांत पाटे हौद्यात कायम किती किलो असणार यावर निवडायचे असतात. ते कायमचं सामान घेऊन हिंडणाऱ्यांसाठी ठीक. दिवसाआड रिकामी परतणाऱ्या गाडीत ३०० किलोचा कायमचा पाटा टाकला तर परतीचा प्रवास त्रासाचा होईल. पॅराबोलिक पाट्यांच्या संचात, म्हणजे टोकांना पातळ होत गेलेल्या मोजक्या पानांच्या संचात, साधा पाटा मधे सरकवू नका. ती पानं फक्त टोकांना आणि मध्याला टेकावीत अशीच बनवलेली असतात. त्यांच्यात घर्षण कमी, म्हणून ती शॉकअपवर जास्त विसंबून असतात.

पाटे वाढवून पासिंग, म्हणजे गाडीला मंजूर असलेलं वजन, वाढत नाही, हेही एकदा सांगायला हवं. चेसिस, ॲक्सल, ब्रेक, टायर तेच राहतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली ज्यादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक ज्यादा टनाला २,००० रुपये दंड आहे. वजनकाट्याला तुमचे पाटे किती आहेत याच्याशी देणंघेणं नसतं.

काम करून घेताना दोन-तीन गोष्टी उभं राहून बघा. गाडी उचललेली असताना पाट्याचे रबरी बुश पक्के आवळले तर गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात, म्हणून शेवटचा आवळा चाकं जमिनीवर असताना द्यायचा. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट जुने परत वापरू देऊ नका. गाडी उंच झाली असेल तर पूर्ण लोंबकळलेल्या ॲक्सलला शॉकअप पुरतो का ते मोजून घ्या, आखूड पडला तर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात तो आतून ताणून तुटतो. आणि नवे पाटे बसवल्यावर माल भरून काही दिवस गाडी चालली की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला जा. सैल यू-बोल्टखाली पाटा सरकतो, सेंटर बोल्ट कापला जातो आणि मागचा ॲक्सल तिरका होतो.