जैवतंत्रज्ञान उद्योग : देशोदेशींची तुलना

सजीव पेशी, जनुके व विकरे (एन्झाइम) वापरून औषधे, लसी, बियाणे आणि रसायने तयार करणारा उद्योग. एखाद्या देशाच्या आर्थिक वाढीला तो किती हातभार लावतो हे कंपन्यांच्या संख्येवरून किंवा निर्यातीवरून ठरवण्याचा प्रघात आहे. ही मापे अनेकदा फसवी ठरतात, कारण शोध एका देशात, कारखाना दुसऱ्या देशात आणि नफा तिसऱ्याच देशात असू शकतो.

अमेरिकेत या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी एकत्र आल्या. कॅलिफोर्नियात १९७६ मध्ये जेनेन्टेक ही जैवतंत्रज्ञान कंपनी स्थापन झाली. निर्णायक ठरले ते १९८० हे वर्ष. जनुकीय बदल केलेल्या जिवाणूवर पेटंट मिळू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांच्या खटल्यात दिला. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठांना ठेवू देणारा बाय-डोल कायदाही त्याच वर्षीचा. औषध बाजारात येईपर्यंत वर्षानुवर्षे तोटा सोसणारे जोखीम भांडवल तेथे होतेच. ब्रिटनमध्ये विज्ञान कमी नव्हते. केंब्रिजमध्ये शास्त्रज्ञ केलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकक्लोनी प्रतिपिंडे (एकाच पेशीच्या वंशातून मिळणारी, एकसारखी रोगप्रतिकारक प्रथिने) बनवण्याची पद्धत शोधली, पण तिचे पेटंट घेतले गेले नाही.

आयर्लंडमध्ये कमी कंपनी-कराने परदेशी औषध कारखाने आकर्षित केले. रोजगार खरे, निर्यातही प्रचंड; परंतु बहुराष्ट्रीय कंपन्यांचा नफा व बौद्धिक संपदा देशाच्या हिशेबात आल्याने जीडीपी इतका फुगला, की तेथील सांख्यिकी कार्यालय हा फुगवटा वगळून सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा देते. डेन्मार्कची गोष्ट याहून वेगळी, कारण नोवो नॉर्डिस्क ही देशातीलच औषध कंपनी. तिचे बाजारमूल्य २०२३ मध्ये देशाच्या वार्षिक जीडीपीपेक्षा जास्त झाले, अशी बरीच चर्चा झाली. समभागांची किंमत आणि वर्षभराचे उत्पादन यांची ही तुलना तशी ओढूनताणूनच. वाढ एकाच कंपनीवर टेकल्याचा धोका मात्र खरा आहे.

क्यूबाने १९८६ मध्ये हवानात सरकारी जनुक अभियांत्रिकी केंद्र उभारले आणि लसींत स्वावलंबन साधले. भांडवल व परकीय चलनाच्या टंचाईमुळे त्यातून व्यापक आर्थिक वाढ झाली नाही.

भारतातही १९८६ मध्येच केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग सुरू झाला. येथील बळ नव्या औषधी रेणूंच्या शोधापेक्षा लसी आणि जैवसदृश औषधांच्या (मूळ जैविक औषधाशी जवळपास सारख्या औषधांच्या) स्वस्त व मोठ्या उत्पादनात आहे. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये हिपॅटायटिस-बीची देशी लस आणली आणि या लसीचे दर झपाट्याने खाली आले. अशा वेळी उलाढालीच्या आकड्यात लाभ कमी दिसतो. तो टळलेल्या आजारांत आणि वाचलेल्या उपचारखर्चात शोधावा लागतो.