भावाचं जुळलं, पण रक्तगट वेगळा

बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी सख्ख्या भावाचं जुळलं, असं डॉक्टर सांगतात आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मग कुणाच्या तरी ध्यानात येतं, की आजारी बहिणीचा रक्तगट ‘ओ’ आणि भावाचा ‘ए’. मग जुळलं ते काय?

जुळलं ते एचएलए, म्हणजे शरीरातल्या बहुतेक पेशींवरची ओळखखूण. तिची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात, रक्तगटाचं जनुक नवव्यावर. दोन्हींचा वारसा स्वतंत्रपणे येतो. म्हणूनच दात्याच्या पेशींनी होणाऱ्या प्रत्यारोपणांपैकी जवळपास ३० ते ५० टक्क्यांत रक्तगट जुळत नाही, तरीही ती केली जातात. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ए-बीच्या, म्हणजे रक्तगट ठरवणाऱ्या, खुणा असतात, त्यामुळे मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात गट न जुळणं मोठा अडथळा ठरतं. रक्ताच्या मूलपेशींवर, म्हणजे ज्यांपासून सगळ्या रक्तपेशी घडतात त्यांच्यावर, या खुणा नसतातच. या मूलपेशी हाडांत जाऊन रुजतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बहुधा वेळेवर वाढू लागतात.

अडतं ते तांबड्या पेशींपाशी. बहिणीच्या रक्तात ‘ए’विरुद्धची अँटीबॉडी, म्हणजे त्या खुणेवर हल्ला करणारं प्रथिन, लहानपणापासून असते. केमोथेरपीने मज्जा रिकामी झाली तरी ती बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी फार चिवट, कधीकधी महिनोन्महिने तग धरतात. भावाच्या मूलपेशीपासून तांबडी पेशी घडू लागते, तिच्यावर ‘ए’ची खूण उमटते आणि मज्जेतच तिचा नाश होतो. बाकीचे आकडे सुधारत असताना हिमोग्लोबिन मात्र हलत नाही. कोवळ्या तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, रिपोर्टात नावापुरत्याच. पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं आणि त्यातून शरीरात लोह साठतं. प्रत्यारोपण फसलं, असं वाटून घरचे याच काळात खचतात, म्हणून हे आधीच नीट समजावून सांगायला हवं. बहुतेकांत ही अँटीबॉडी हळूहळू ओसरते. नाहीच ओसरली, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करतात किंवा रिटुक्सिमॅबसारखं औषध देतात.

दाता ‘ओ’ आणि रुग्ण ‘ए’ असेल तर धोका उलट बाजूने येतो, आणि लवकर. दात्याच्या पेशींसोबत आलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, साधारण पाचव्या ते पंधराव्या दिवसादरम्यान ‘ए’विरुद्ध अँटीबॉडी बनवू लागतात. रुग्णाच्या शिल्लक तांबड्या पेशी भराभर फुटतात, लघवी गडद होते, डोळे पिवळे दिसतात. हे क्वचित घडतं, पण घडलं तर काही तासांत प्रकृती ढासळू शकते. या संक्रमणकाळात तांबड्या पेशी सहसा ‘ओ’ गटाच्या आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, ‘एबी’चा देतात, कारण ते दोन्ही बाजूंना चालतात.

‘बॉम्बे’ गटाच्या रुग्णाला मात्र ‘ओ’ही चालत नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या या गटात ‘एच’ ही पायाभूत खूणच नसते. ‘एच’ ‘ओ’ गटाच्या पेशींवरही असल्याने त्याला नेहमीचा कुठलाच दाता जुळत नाही.

काही महिन्यांनी रुग्णाचा गट दात्याचा होतो, पण तो रक्तापुरता. ‘ए’ची ‘ओ’ झालेल्या व्यक्तीच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ‘ए’ कायम राहतो आणि नवी प्रतिकारयंत्रणा बहुधा त्याला सांभाळून घेते. म्हणून अशा रक्ताच्या तपासणीत गट ‘ओ’ येतो, पण ‘ए’विरुद्धची अँटीबॉडी सापडत नाही. तंत्रज्ञ बुचकळ्यात पडतो. पुढे कधीही रक्त घ्यायची वेळ आली, तर प्रत्यारोपणाची तारीख आणि दोघांचे मूळ गट रक्तपेढीला आधी सांगावेत.