‘लॉड ३’ या उंबरठ्याची पार्श्वभूमी

एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेली दोन जनुके पुढच्या पिढीत बहुधा एकत्रच जातात, हे मॉर्गन यांच्या फळमाश्यांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले, आणि त्यांचे विद्यार्थी स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये त्यावरून पहिला जनुकीय नकाशा काढला. माश्यांचे संकर हवे तसे घडवता येतात आणि संतती मोठ्या संख्येने मोजता येते. माणसाच्या बाबतीत मात्र कुटुंबे लहान असतात आणि माहिती एकेका घराण्यातून तुकड्यातुकड्याने हाती येते.

यावरचा उपाय अगदी वेगळ्या क्षेत्रातून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांनी मालाच्या तपासणीसाठी क्रमिक चाचणी विकसित केली होती. तीत नमुन्याचा आकार आधी न ठरवता, पुरावा पुरेसा साठेपर्यंत निरीक्षणे घेत राहता येते. जनुकशास्त्रज्ञ न्यूटन मॉर्टन यांनी १९५५ मध्ये हीच रीत मानवी वंशावळींना लावली. सहलग्नता, म्हणजे दोन जनुके एकत्र जाण्याची प्रवृत्ती, असल्यास मिळालेली माहिती किती संभाव्य आणि नसल्यास किती, या गुणोत्तराचा दशमान लॉगरिदम म्हणजे लॉड स्कोअर. वेगवेगळ्या कुटुंबांचे स्कोअर सरळ बेरजेने जोडता येतात, ही त्याची खरी सोय.

समजा, दहा अपत्यांपैकी एकातही पुनर्संयोजन, म्हणजे त्या दोन जनुकांची ताटातूट, आढळले नाही. जनुके स्वतंत्र असती तर प्रत्येक वेळी तशी शक्यता निम्मीच, म्हणून गुणोत्तर २ चा दहावा घात, म्हणजे १०२४, आणि लॉड सुमारे ३.०. दहांत एकच पुनर्संयोजन निघाले, तर कमाल लॉड १.६ वर उतरतो.

सहलग्नता मान्य करण्यासाठी लॉड किमान ३ हवा, असे ठरले. एवढा कडक उंबरठा कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कोणतीही दोन जनुके निवडली, तर ती सहलग्न असण्याची मुळातली शक्यता विसात एकाच्या आसपास असते. त्यामुळे हजारास एक हा पुरावाही प्रत्यक्षात साधारण पन्नासास एक एवढाच उरतो. नेहमीची ५ टक्क्यांची सार्थकता पातळी येथे फसवी ठरली असती. उलट, उणे २ किंवा त्याखालचा स्कोअर सहलग्नता नाकारण्यास पुरेसा मानला गेला.

१९८० नंतर डीएनए-खुणा, म्हणजे गुणसूत्रावरच्या ओळखता येणाऱ्या जागा, मुबलक झाल्या आणि एका रोगासाठी शेकडो जागा तपासल्या जाऊ लागल्या. १९८३ मध्ये हंटिंग्टन रोगाचा माग चौथ्या गुणसूत्रापर्यंत लागला. मात्र १९८७ मध्ये अमेरिकेतील आमिश या धार्मिक समाजाच्या कुटुंबांत द्विध्रुवीय विकाराचा अकराव्या गुणसूत्राशी जोडलेला संबंध १९८९ च्या फेरतपासणीत टिकला नाही. अखेर, इतक्या जागा तपासताना योगायोगाने मिळणारे खोटे संकेत टाळण्यासाठी, संशोधक लँडर आणि क्रुग्लियाक यांनी १९९५ मध्ये, संपूर्ण जीनोम चाळताना लॉडचा उंबरठा ३.३ धरावा आणि केवळ भावंडांच्या जोड्यांवर आधारलेल्या अभ्यासात तो ३.६ असावा, असे सुचवले.